आज राज्य किमयावर

१

पौड रस्ता सोडून भुकूममध्ये आत वळलं, की जिथे पूर्वी हैबतरावांची भातखाचरं होती तिथे आता दोन उंच इमारती उभ्या आहेत. मध्ये फरशीचं अंगण, अंगणात एक घसरगुंडी आणि चार कुंड्या. बिल्डरच्या माहितीपत्रकात याला 'बालोद्यान' म्हटलं होतं. मुलं अर्थातच तिथे खेळत नाहीत. मुलं खेळतात इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, खांबांच्या आडून, कारण लपायला जागा तिथेच आहे.

दिवेलागणीला तिथे रोज हाकांचा कार्यक्रम व्हायचा. एकेका बाल्कनीतून एकेक आई डोकावायची आणि आपापलं पोर वर बोलवायची. प्रत्येकीची चाल निराळी. तिसऱ्या मजल्यावरची ऋतिका फक्त "जुईलीऽ, होमवर्क" एवढंच म्हणायची, पण अशा सुरात, की शेजारच्या पोरांनाही आपापला गृहपाठ आठवावा. हैबतरावांच्या पत्नी तुळजाबाई जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि सगळ्या सोसायटीला अजून आपलं खाचरच समजायच्या. त्या अंगणातल्या कट्ट्यावर बसल्या बसल्याच नातवाला हाळी द्यायच्या. "शंभ्याऽऽ, ये की मुडद्या, भाकर निवली!" ही हाळी भूगावातही ऐकू जात असावी.

साधनाला हा कार्यक्रम ऐकायला आवडायचा आणि ऐकताना वाईटही वाटायचं. नवऱ्याची, ऋषिकेशची, पिरंगुटच्या कारखान्यात बदली झाली म्हणून जूनमध्ये ती कराडहून इथे आली होती. सकाळी पौडच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, दुपारी घरी यायची. तिची आठ वर्षांची किमया तिसरीत होती. पण किमयाला हाक मारायची वेळच येत नव्हती. ती खाली जायची आणि तुळजाबाईंशेजारी कट्ट्यावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायची. खेळायला गेलं की जुईली म्हणायची, "आमची टीम पूर्ण झालीय." जुईली दहा वर्षांची, सगळ्यांची पुढारी. दुसऱ्या दिवशी आधीच गेलं तरी टीम पूर्णच असायची.

कुणी मारत नव्हतं, चिडवत नव्हतं. साधनानं खोदून खोदून विचारलं होतं.

"तुला नावं ठेवतात का?"

"नाही."

"ढकलतात? काही करतात?"

"काहीच करत नाहीत," किमया म्हणाली.

२

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी साधना स्वतःच खाली गेली आणि आपल्याकडच्या कुठल्याही शहाण्या आईनं केलं असतं तेच तिनं केलं.

"घ्या गं तिलाही," ती जुईलीला म्हणाली. "लहान वाटत असेल तर कच्चा लिंबू म्हणून घ्या."

कच्चा लिंबू काय असतो ते आपल्याकडे बालपण गेलेल्या कुणाला सांगायला नको. धाकटं भावंड खेळात घुसायला रडतं, मग त्याला घ्यायचं. त्यानं पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण तो कधी आऊट होत नाही, त्याच्यावर कधी राज्य येत नाही, त्याला कुणी धरतच नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय, आणि बाकीच्यांचा खेळ बिघडत नाही. केवढी छान सोय, असं आपण मोठी माणसं म्हणतो. कच्च्या लिंबाला मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

जुईली मोठ्यांशी फार अदबीनं वागायची. "चालेल, काकू," ती म्हणाली. मग वळून मुलांना म्हणाली, "किमया कच्चा लिंबू."

"किमया कच्चा लिंबू," शंभू म्हणाला.

मग एकेक करत सगळी मुलं तेच म्हणाली, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी, सपाट आवाजात. साधनाला हसू आलं. कट्ट्यावर तुळजाबाईही हसल्या. किमया तर इतकी खुलली, की वेणीची सुटलेली रिबीन हातात धरूनच पळत सुटली.

त्या दिवशी दिवेलागणीला साधनानं बाल्कनीत उभं राहून पहिल्यांदा हाक मारली. "किमयाऽ, चल वर!" उगीचच दोनदा मारली. इतकं हायसं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

३

लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं तो खांबावर डोकं टेकवून शंभरपर्यंत म्हणतो आणि मग शोधायला निघतो. कुणी दिसलं की त्याचं नाव घेऊन 'इस्टॉप' म्हणायचं. नाव घेतलं की तो सापडला. नाव घेतलं नाही तर समोर उभा असला तरी लपलेलाच.

जानेवारीत एकदा साधनानं हाक मारली, तर उत्तर आलं नाही. बाकीची मुलं केव्हाच घरी गेली होती. ती खाली धावली. पार्किंगमध्ये सेन्सरचे दिवे होते. माणूस खालून गेला की डोक्यावरचा लागायचा, पुढे गेला की मागचा विझायचा. दिवे लावत लावत ती शेवटपर्यंत गेली. तिथे मुलांच्या सायकली उभ्या असायच्या. त्यात टोकाला एक गुलाबी सायकल होती, दोन्ही चाकं बसलेली, हँडलला लोकरीचे गोंडे. वॉचमन अधूनमधून ग्रुपवर तिचा फोटो टाकायचा, 'ही कुणाची?' कुणी सांगायचं नाही आणि फेकून द्यायचंही कुणाच्या जिवावर यायचं नाही. त्या सायकलीमागे, मीटर रूमच्या भिंतीला टेकून, किमया उकिडवी बसली होती. अंधारात.

"मला कुणी शोधायलाच आलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती.

"मग बाहेर यायचं ना, बाळा."

"लपलेलं आपण होऊन येत नसतं."

साधना तिला घेऊन निघाली. लिफ्ट दिसल्यावर किमया हात सोडून पुढे पळाली. खांबामागून खांब मागे टाकत ती लिफ्टपाशी पोचली आणि बटण दाबून उभी राहिली. साधना जागीच थांबली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर दिवा होता. लिफ्टपाशी होता तो फक्त दारावरच्या मजल्याच्या आकड्याचा लाल उजेड. मधले सगळे दिवे विझलेले होते.

उंची कमी पडत असेल, तिनं मनाशी म्हटलं. सेन्सर मोठ्या माणसाच्या हिशेबानं लावले असतील. बिल्डरचं काम ते, कुठे धड असणार? तेवढ्यात एका गाडीखालून सोसायटीचं काळं मांजर निघालं आणि सावकाश पलीकडे गेलं. त्याच्या डोक्यावर एकेक दिवा लागत गेला.

४

दुसऱ्या दिवशी तिनं जुईलीला गाठलं. जुईली नम्रपणे म्हणाली, "काकू, कच्च्या लिंबाला शोधायचं नसतं." नियमानं ते बरोबरच होतं आणि नियम साधनानंच आणला होता.

मग ती ऋतिकाकडे गेली. ऋतिकानं कॉफी केली, मनापासून ऐकलं आणि म्हणाली, "अगं, इतकं टेन्शन नको घेऊ. आपण मध्ये पडलं की उलट वाढतं. आम्ही शिफ्ट झालो तेव्हा जुईलीलाही घेत नव्हते. महिनाभर रडली. मग झाली की सेटल. आता बघ, तिच्याशिवाय पान हलत नाही खाली."

"कशी झाली सेटल?"

"मुलं करतात गं आपापलं," ऋतिका म्हणाली.

तीच माणसं, तेच दिवस, तीच कामं. फक्त मध्येच कुठेतरी काहीतरी घसरायचं. एकदा शाळेतून मोबाईलवर निरोप आला, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.' किमया तर शाळेत जाऊन आली होती, वहीत त्या दिवसाचं सगळं लिहिलेलं होतं. बाईंनी फोनवर माफी मागितली. म्हणाल्या, "आवाज फार लहान आहे हो तिचा. पोचत नाही." किमया म्हणाली, "मी हजर म्हटलं होतं. दोनदा म्हटलं."

मग एके सकाळी व्हॅन तिला न घेताच गेली. साधनानं व्हॅनवाल्या मनीषला फोन लावला.

"मॅडम, हॉर्न दिला की म्या. गेटवर कुनीच न्हवतं."

"अहो, लाल स्वेटर घालून उभी होती ती. मी वरून बघत होते."

"आसंल," मनीष म्हणाला, "माजं ध्यान नसंल मॅडम." त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तो बिचारा खरोखर गोंधळला होता.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि साधना कारणं शोधण्यात पटाईत होती. लॅबमधल्या माणसाला सवयच असते ती. रिपोर्ट विचित्र आला की आधी मशीन बघायचं, मग नळी, मग हात. रोगाचा विचार शेवटी. ती किमयाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, कानाच्या डॉक्टरकडे गेली, शाळेच्या समुपदेशक बाईंना भेटली. सगळं ठीक होतं. किमयात काहीच वावगं नव्हतं.

एका संध्याकाळी ती कट्ट्यावर तुळजाबाईंजवळ टेकली. किमया तिच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तुळजाबाईंच्या ओच्यात बोरं होती आणि त्या भोवतीच्या पोरांना वाटत होत्या. शंभूला दिली, जुईलीला दिली, सगळ्यांना दिली. किमयानं हात पुढे केला होता. तुळजाबाईंनी उरलेली बोरं साधनाच्या ओंजळीत टाकली.

"घे, तू खा," त्या मायेनं म्हणाल्या. मग जरा दबक्या आवाजात विचारलं, "किती वर्सं झाली गं लग्नाला? दवाखाना बिवाखाना काय बगितला का न्हाई? आमच्या हितल्या एका बाईला बारा वर्सांनी झालं लेकरू. हाय खायचं न्हाई."

किमयानं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला.

५

त्या रात्री साधनानं ऋषिकेशला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "तुळजाबाईंचं वय झालं. आणि तू थकलीयस. शनिवारी कराडला जाऊन येऊ." लगेच मोबाईलवर बसची तिकिटं काढून तिच्यापुढे धरली. दोन सीट होत्या, शेजारशेजारच्या.

"आणि किमया?"

"अरे!" तो कपाळावर हात मारून हसला. मग त्याचं हसू हळूहळू कमी झालं. "बघ ना. कमालच झाली," असं म्हणून तो बराच वेळ मोबाईलकडे बघत बसला.

ती फार चिडली. नवऱ्यावर चिडली, मनीषवर, बाईंवर, सगळ्या भुकूमवर चिडली. आपल्या पोटच्या पोरीला बाप विसरतो म्हणजे काय? आपण असं कधी करणार नाही, हे तिला अगदी पक्कं ठाऊक होतं.

आठवडाभरानंतरची गोष्ट. पिठलं झालं होतं, भाकरीही झाल्या होत्या. कामाच्या नादात तिनं पानं घेतली, पाण्याची भांडी ठेवली, कांदा फोडून ठेवला आणि ऋषिकेशला हाक मारली. दोघं जेवायला बसली. दिवसभराचं काहीबाही बोलली. भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना तिला स्वयंपाकघराच्या दारात किमया दिसली.

किमया रडली नाही, रुसली नाही. ती आत आली, चवड्यांवर उभं राहून मांडणीतली एक ताटली काढली, पिठल्याच्या कढईतून स्वतःच थोडं वाढून घेतलं आणि भिंतीशी बसली. इतक्या सराईतपणे, की हे पहिल्यांदा होत नव्हतं हे उघड होतं. किती वेळा झालं होतं, ते साधनाला आठवेना. तिनं आठवायचा जिवापाड प्रयत्न केला, पण काल रात्री किमया जेवताना कुठे बसली होती, तेही डोळ्यांपुढे येईना.

लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. नळीवर नाव नसेल तर नमुना तपासायचा नाही, टाकून द्यायचा. रक्त चांगलं आहे का वाईट, हा प्रश्नच येत नाही.

साधना ताटावरून उठली, किमयाला पोटाशी धरून तिथेच जमिनीवर बसली. ती खूप घाबरली होती, आणि त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटत होती. किमयानं आईच्या पाठीवर थोपटलं. "असू दे, आई," ती म्हणाली. "तुझं पण लक्ष नव्हतं."

६

दुसऱ्या दिवशी मुलं खेळायला जमली त्याआधीच साधना पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. जुईली सायकल लावत होती.

"आज राज्य किमयावर," साधना म्हणाली.

"काकू, कच्च्या लिंबावर राज्य येत नाही."

"मग ती कच्चा लिंबू नाही. आजपासून नाही."

"असं मध्येच नाही काढता येत," जुईली म्हणाली. नेहमीची अदब होती, पण तिची नजर साधनाच्या चेहऱ्यावर ठरत नव्हती. "आपण चकूया. हात पालथा का उताणा ते बघून ज्याच्यावर येईल त्याच्यावर."

"चकायचं नाही. तिच्यावरच."

साधनानं जुईलीचं मनगट धरलं होतं. कधी धरलं ते तिला कळलं नाही. लहानसं मनगट, बांगडीएवढं. दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत भीती उतरली, ती साधनाला दिसली आणि खरं सांगायचं तर बरी वाटली. इतके महिने आपली पोर सोसतेय, थोडं हिनंही सोसावं.

"काकू," जुईली हळू आवाजात म्हणाली, "मी पण होते. कच्चा लिंबू. इथे आलो तेव्हा."

"माहितीय मला. मग कशी सुटलीस?"

जुईलीनं ओळीच्या टोकाच्या गुलाबी सायकलीकडे पाहिलं. बसलेली चाकं, लोकरीचे गोंडे. पाहताना तिच्या कपाळाला आठी पडली, अडलेलं गणित सोडवताना पडावी तशी.

"माझ्यावर राज्य आलं," ती म्हणाली. "पुढचं आठवत नाही."

"बघ. राज्य आलं की सुटतं. किमयालाही सुटू दे."

"पण मग आम्हाला लपावं लागेल."

"मग लपा," साधना म्हणाली आणि मनगट सोडलं.

७

ती वर येऊन कुकर लावत होती तोवर खालून किमयाचा आवाज आला. दहा, वीस, तीस, चाळीस. कराड सोडल्यापासून तिचा एवढा मोकळा आवाज साधनानं ऐकला नव्हता. पळणारे पाय ऐकू आले, कुणाची तरी चप्पल निसटली, कुणीतरी कुणाला तरी 'श्श्' केलं. नव्वद, शंभर. मग शांतता पसरली. साधना डाळीला फोडणी देता देता त्या शांततेकडे कान लावून हसली.

दिवे लागले. डोंगराकडून गार वारा सुटला. कुकर झाला, डाळ झाली, भात मुरला आणि मग तिच्या लक्षात आलं, की आज हाकांचा कार्यक्रम झाला नाही.

ती बाल्कनीत आली. माणसं होती, नेहमीसारखीच. पलीकडच्या बाल्कनीत ऋतिका दोरीवरचे कपडे काढत होती. एकेक झटकून घडी घालत होती. पिवळ्या रंगाचा एक छोटा टीशर्ट हातात आल्यावर ती थांबली. तिनं तो पुढून पाहिला, मागून पाहिला. मग त्याचा बोळा करून त्यानं बाल्कनीचा कठडा पुसून घेतला.

साधना जिना उतरून खाली आली. तुळजाबाई कट्ट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

"कुटं निगाली गं? लेकीला आनाय?" त्या म्हणाल्या. "लई गुनाची पोर हाय तुजी. किमया न्हवं का? मगाशी हितनंच पळाली बग, हरणावानी."

साधनाचे डोळे भरून आले. म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडावं असं तिला वाटलं. "तुळजाबाई, तुम्ही आज…" तिनं बोलायला सुरुवात केली. शंभूला हाक नाही मारली का, असं तिला विचारायचं होतं.

"पोर आसलं म्हंजी घर कसं भरल्यालं वाटतं," तुळजाबाई शेंग सोलत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, जुनं काहीतरी सवयीनं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "आमचं येवढं मोटं घर, पन हाक माराय येक न्हाई."

त्यांनी शेंगेतला किडका दाणा वेचून बाजूला टाकला. साधना पुढे गेली.

पार्किंगच्या मध्यावर एक दिवा लागलेला होता आणि त्याच्या खाली किमया उभी होती. ती चालायला लागली, तसा पुढचा लागला, मागचा विझला. लागतायत, दिवे लागतायत, एवढंच आधी साधनाच्या मनात आलं.

"आई, माझ्यावर राज्य आहे!" गाल लाल झाले होते, वेण्या सुटल्या होत्या.

"हो ना, बाळा. बाकीचे कुठेयत?"

"लपलेत."

सायकली ओळीनं उभ्या होत्या. साधनानं अंधारात निरखून पाहिलं. आधी काही दिसेना. मग एका खांबाच्या कडेला चपलेचं टोक दिसलं. गाडीच्या पलीकडे कुणीतरी दाबून धरलेलं हसू नाकातून निसटलं. मीटर रूमच्या भिंतीशी, गुलाबी सायकलीच्या मागे, जुईली उभी होती. लपली नव्हतीच ती. हात पुढे करून हलवत होती, जोरजोरानं, आणि सरळ साधनाकडे बघत होती. तिच्या डोक्यावरचा दिवा विझलेला होता. तिच्यामागे, भिंतीच्या आणि तिच्या मधल्या अंधारात, आणखी एक लहान कुणीतरी बसलं होतं. ते हलत नव्हतं. त्याला आता कशाची घाई नव्हती.

"शोध ना त्यांना," साधना कशीबशी म्हणाली. "बघ, ती तिथे. नाव घे. इस्टॉप म्हण."

"दिसतायत मला," किमया म्हणाली. "सगळे दिसतायत. मी नाव घेत नाहीये."

"का गं?"

"नाव घेतलं की ते सापडणार. सगळे सापडले की खेळ संपणार. मग परत चकायचं." तिनं आईचा हात धरला. तिचा हात उबदार होता, घामेजलेला, अगदी खराखुरा. "मग परत मीच कच्चा लिंबू."

साधना उभी राहिली. एक नाव घ्यायचं होतं. तिला सगळ्यांची माहीत होती, अजून तरी माहीत होती. समोरचा हात हलवायचा थांबला होता आणि वाट बघत होता. किमयाही आईकडे बघत होती. त्या नजरेत हट्ट नव्हता. आई काय ठरवते ते ती बघत होती, एवढंच.

"चल," साधना म्हणाली. "भात निवतोय."

त्या दोघींच्या डोक्यावर लिफ्टपर्यंत एकेक दिवा लागत गेला.

८

ऋषिकेशनं आपण होऊन पानं घेतली होती. तीन. मधल्या ताटात त्यानं तुपाची वाटी ठेवली होती, कारण किमयाला भातावर तूप लागतं. "हात धुतलेस का, किमया?" तो आतून म्हणाला. साधना भाताचा चमचा हातात धरून ते ऐकत उभी राहिली. एवढ्या साध्या वाक्यासाठी माणूस काय काय करू शकतो, हे तिला आज कळलं होतं.

बेल वाजली.

दारात ऋतिका होती. केस विंचरलेले, कपडे नीट, पण पायात एकच चप्पल. हात मोकळे होते. ती साधनाच्या खांद्यावरून आत बघत होती. किमयाकडे बघून गोड हसली.

"काय गं?" साधनानं विचारलं.

"अगं, बघ ना," ऋतिका म्हणाली. "काहीतरी विचारायला आले होते तुला. घाईनं निघून आले आणि आता आठवतच नाहीये. असं जिभेवर आहे."

"होतं असं."

"मी मगापासून घरभर फिरतेय. काहीतरी राहिलंय, सारखं वाटतंय. गॅस बघितला, नळ बघितले." ती हसली, पण दाराची चौकट तिनं घट्ट धरली होती. "तुला काही सुचतंय का? तू सांगितलंस तर लगेच आठवेल मला."

आतून किमयाच्या चमच्याचा आवाज थांबला. जिन्याच्या पोकळीतून, अगदी खालून, कुणीतरी हळूच हाक मारल्यासारखं वाटलं. ऋतिकानं मान वळवली आणि कान दिला.

"साखर हवी होती का?" साधना जरा मोठ्यानंच म्हणाली.

ऋतिका तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला आणि तिनं चौकट सोडली.

"हो," ती म्हणाली. "साखरच असेल."

साधनानं वाटी शिगोशीग भरून दिली.